गावातला टक्का महिन्याचा, बँकेचा टक्का वर्षाचा! घरखर्च आवरून कर्ज फेडायचं कसं, समजून घ्या

सोयाबीन मळून झालं, माल आडतीवर गेला, पट्टी हातात पडली आणि भाऊबीजेच्या आत पैसे संपले. सोयाबीन पट्ट्यातल्या कितीतरी घरांत दरवर्षी हेच घडतं. कृषी सेवा केंद्राची उधारी, किराणा, गटाचा हप्ता, गाडीचा हप्ता, गावातल्या माणसाचं व्याज. सगळ्यांना थोडं थोडं दिलं जातं आणि कुणाचंच मिटत नाही. पुढच्या मृगाला पुन्हा कुणाच्या तरी दारात जायची वेळ येते.

कर्ज फेडायचं तर आधी उत्पन्न वाढलं पाहिजे, असं म्हटलं जातं. ते खरं आहे, पण पाऊस आणि बाजारभाव शेतकऱ्याच्या हातात नाहीत. हातात राहतात दोन गोष्टी. एक म्हणजे रोजचा किरकोळ खर्च आणि दुसरी म्हणजे वाचलेला पैसा कोणत्या कर्जात आधी भरायचा त्याचा क्रम. यातली दुसरी गोष्ट जास्त पैसे वाचवते आणि तिच्याकडंच सगळ्यात कमी लक्ष जातं.

आधी यादी, तीही सगळ्यांसमोर

बऱ्याच घरांत एकूण देणं किती, हे एकाही माणसाला पूर्ण माहीत नसतं. बायकोनं उचललेलं गटाचं कर्ज नवऱ्याला अर्धवट माहीत असतं. नवऱ्याचं हातउसनं बायकोला कळतं ते माणूस दारात आल्यावर. पोरानं मोबाइलवरच्या अ‍ॅपमधून घेतलेले आठ-दहा हजार तर कुणालाच माहीत नसतात.

म्हणून एका संध्याकाळी घरातल्या सगळ्या कर्त्या माणसांनी बसून वहीत लिहून काढावं: कुणाचं देणं, आज किती बाकी, व्याज किती, हप्ता कधी, आणि तारण काय दिलंय. तारणाचा रकाना विसरू नये. जमीन, सोनं, गाडी, कोरा चेक, सही केलेला स्टँप पेपर, जे दिलं असेल ते लिहावं. किराणा दुकानदाराची आणि पाहुण्यांकडून घेतलेली रक्कमही यादीत धरावी. पाहुणा व्याज घेत नसला तरी ते देणंच आहे.

टक्क्याचा घोळ

बँक ७ टक्के म्हणते तेव्हा ते वर्षाचे असतात. गावात "तीन टक्क्यानं घेतले" असं म्हणतात तेव्हा ते महिन्याचे असतात, म्हणजे शंभराला महिन्याला तीन रुपये. शेकडा ३ म्हणजे वर्षाला ३६ टक्के, शेकडा ५ म्हणजे ६० टक्के. दोन्हीकडं शब्द टक्काच असल्यानं बँकेचे १२ मोठे वाटतात आणि गावातले ४ लहान. प्रत्यक्षात ते चार म्हणजे अठ्ठेचाळीस असतात.

३० हजार रुपये शेकडा ४ नं घेतले तर महिन्याचं व्याज १,२०० रुपये, वर्षाचं १४,४००. सोयाबीनला क्विंटलला ४,५०० रुपये भाव धरला तर वर्षाला तीन क्विंटल वीस किलो सोयाबीन नुसतं व्याजात जातं. मुद्दल ३० हजार तसंच उभं राहतं.

दुसरा घोळ गाडीच्या कर्जात होतो. एजंट "फक्त १२ टक्के फ्लॅट" म्हणतो. फ्लॅट म्हणजे हप्ते भरून मुद्दल कमी होत गेलं तरी व्याज शेवटपर्यंत पहिल्या पूर्ण रकमेवरच धरलेलं असतं. ८० हजारांवर तीन वर्षांचं व्याज २८,८०० रुपये, एकूण १,०८,८००, आणि हप्ता ३,०२२ रुपये. उरलेल्या मुद्दलावर हिशेब केला तर हाच दर वर्षाला सुमारे २१ टक्के पडतो. कर्ज देताना 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचा कागद देणं रिझर्व्ह बँकेनं बँका आणि फायनान्स कंपन्यांना बंधनकारक केलंय. त्यावर एपीआर म्हणून एक आकडा असतो. प्रोसेसिंग फी वगैरे धरून वर्षाला खरा दर किती पडतो ते त्यात दिसतं. दोन कर्जांची तुलना करायची तर हाच आकडा बघावा, एजंटचं तोंडी बोलणं धरू नये.

तिसरा घोळ 'गट' या शब्दाचा. उमेद अभियानातला महिलांचा बचत गट वेगळा आणि मायक्रोफायनान्स कंपनीचा गट वेगळा. बचत गटात महिला स्वतःची बचत करतात. आपसात कर्ज दिलं तर व्याज गटाच्याच खात्यात राहतं आणि बँकेकडून गटाला ३ लाखांपर्यंतचं कर्ज ७ टक्के वार्षिक दरानं मिळू शकतं. कंपनीच्या गटात बचत नसते, एकमेकींची हमी तेवढी असते. तिथं व्याजदर बहुतेक वेळा २० टक्क्यांच्या वर जातो. दोन्हीला "गटाचा हप्ता"च म्हणतात, म्हणून यादी करताना कोणता गट ते स्पष्ट लिहावं.

आधी कुणाचं मिटवायचं?

हिशेबासाठी एक घर धरू. तीन एकर कोरडवाहू, दोन गायी, हंगाम नसेल तेव्हा मजुरी. देणं असं आहे: सोसायटीचं पीक कर्ज ९० हजार, गावातल्या माणसाकडून ३० हजार शेकडा ४ नं, मायक्रोफायनान्सचे ४० हजार २४ टक्क्यांनी, दुचाकीचं कर्ज वर सांगितलं तसं, सोनेतारण ५० हजार १२ टक्क्यांनी, कृषी केंद्राची उधारी १८ हजार आणि किराणा साडेआठ हजार.

या घरात भीती सगळ्यात जास्त कुणाची असते? सोसायटीच्या ९० हजारांची, कारण आकडा मोठा. पण ते कर्ज सगळ्यात स्वस्त आहे. ३ लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची व्याज सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून शेतकऱ्याला ते शून्य टक्क्यानं पडतं. अट एकच, तारीख चुकता कामा नये. खरिपाच्या कर्जासाठी ती ३१ मार्च असते. म्हणजे या कर्जात आधी पैसे कोंबायची गरज नाही, फक्त मार्चची तजवीज हवी.

वर्षाच्या दरानं लावलं तर पहिला नंबर गावातल्या ३० हजारांचा लागतो. समजा या घरानं खर्चातून महिन्याला २,५०० रुपये वाचवले. आतापर्यंत महिन्याला १,२०० रुपये नुसतं व्याज जात होतं. आता दोन्ही मिळून ३,७०० रुपये दर महिन्याला त्याच माणसाला द्यायचे. पहिल्या महिन्यात १,२०० व्याज आणि २,५०० मुद्दल फिटतं, बाकी राहतात २७,५००. दुसऱ्या महिन्यात व्याज १,१०० होतं आणि मुद्दलात २,६०० जातात. असं करत दहाव्या महिन्यात कर्ज संपतं. दहा महिन्यांत व्याज गेलं सुमारे ७ हजार रुपये. आधीसारखं नुसतं व्याज देत राहिले असते तर दहा महिन्यांत १२ हजार गेले असते आणि ३० हजार बाकीच राहिले असते.

आता इथं एक अडचण येते. काही देणारे "मुद्दल द्यायचं तर एकदम द्या" म्हणतात, कारण त्यांना व्याज चालू राहिलेलं हवं असतं. तसं असेल तर पैसे घरात ठेवू नयेत. पोस्टात किंवा बँकेत वेगळ्या खात्यात जमा करावेत आणि पीक विकल्यावर त्यात भर घालून एकरकमी मिटवावं. प्रत्येक वेळी दिलेल्या पैशाची पावती किंवा निदान वहीवर त्याची सही घ्यावी. शक्य असेल तर यूपीआयनं किंवा बँकेतूनच द्यावेत, म्हणजे नोंद राहते.

ते मिटलं की ३,७०० रुपये मोकळे होतात. ते खर्चात विरघळू न देता तसेच पुढच्या महागड्या कर्जाकडं, म्हणजे मायक्रोफायनान्सकडं वळवायचे. मायक्रोफायनान्सचं कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड घेता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मग गाडी, मग सोनं. बाकीच्यांचे नेहमीचे हप्ते या काळात चालूच ठेवायचे, नाहीतर एकीकडं वाचवलेलं दुसरीकडं दंडात जातं.

काहीजण आधी लहान देणं मिटवा म्हणतात, मनाला उभारी येते म्हणून. किराण्याचे साडेआठ हजार आधी मिटवले तर दुकानदारापुढं मान वर होते, हे खरं. पण त्यावर व्याज नसेल आणि बाजूला शेकडा ४ चा मीटर चालू असेल, तर ही उभारी महाग पडते. दुकानदाराला थोडं थोडं देत राहावं आणि मोठा घास व्याजवाल्याच्या कर्जाचाच काढावा. सोनं मात्र लिलावाच्या नोटिशीपर्यंत आलं असेल तर क्रम बदलावा. १२ टक्क्याचं कर्ज असलं तरी घरातलं मंगळसूत्र लिलावात गेलं तर ते पुन्हा त्या भावात होत नाही. अशा वेळी निदान व्याज भरून मुदत वाढवून घ्यावी.

महिन्याचे अडीच हजार येणार कुठून?

"आमच्या घरात फालतू खर्चच नाही," असं पहिल्यांदा सगळेच म्हणतात. म्हणून महिनाभर काही न बदलता फक्त लिहावं. चहा, पुडी, पेट्रोल, पोरांचा खाऊ, सगळं. एका महिन्यानं आकडा स्वतःच बोलतो.

तंबाखू-गुटख्याला दिवसाला २० रुपये जात असतील तर महिन्याला ६००, वर्षाला ७,३००. (गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी टपरीवर मिळतो हे सगळ्यांना ठाऊक आहे.) एकदम सुटत नसेल तर निम्म्यावर आणलं तरी ३०० रुपये. चौकातल्या हॉटेलात दिवसाला दोन चहा म्हणजे आणखी २० रुपये, आणि तिथं एकट्यानं कधी चहा होत नाही. एक कप घरी पिऊन निघालं तरी महिन्याला ३०० वाचतात.

पेट्रोल हा गावाकडचा मोठा आणि न दिसणारा खर्च आहे. तालुक्याचं गाव २० किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन ४० किलोमीटर, म्हणजे एका फेरीला ८०-९० रुपयांचं पेट्रोल. वर वडापाव-चहा. एकदा बँकेत, एकदा औषधाला, एकदा नुसतं "जाऊन येतो" म्हणून. कामं वहीत टिपून ठेवून बाजारच्या दिवशी एकत्र केली तर महिन्यात सहा फेऱ्या सहज वाचतात. ते झाले ५०० रुपये.

मोबाइलचं २८ दिवसांचं रिचार्ज वर्षात बारा नाही, तेरा वेळा करावं लागतं. घरात तीन फोन असतील तर प्रत्येकाला रोजचा दीड-दोन जीबी डेटा लागतो का ते बघावं. म्हाताऱ्या माणसांच्या साध्या फोनसाठी फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक कंपन्यांना आता ठेवावे लागतात. दुकानदार ते आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं. यातून महिन्याला अडीचशेच्या आसपास निघतात. दोन पोरांना रोज दहा-दहा रुपयांचं कुरकुऱ्याचं पाकीट म्हणजे महिन्याला ६००. ते आठवड्यातून दोन-तीन दिवसांवर आणलं आणि बाकीच्या दिवशी शेंगदाणे-गूळ, मुरमुरे दिले, तर ४०० वाचतात.

किराण्याचं गणित वेगळं आहे. उधारीवर माल घेताना माणूस भाव विचारत नाही. पाच लिटर तेल लागत असताना पाऊच-पाऊच करून घेतलं जातं. आठवडी बाजारात रोखीनं, यादी करून आणलं तर तेवढ्याच सामानात महिन्याला ३००-४०० रुपयांचा फरक पडू शकतो. पहिल्या महिन्यात रोखीचे पैसे नसतात, हीच खरी अडचण. त्यासाठी दुधाच्या एका पगारातून निम्मा किराणा रोखीनं सुरू करावा आणि दोन-तीन महिन्यांत पूर्ण रोखीवर यावं. उरलेले ४०० रुपये ढाब्यावरच्या एका जेवणातून, ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंतून किंवा कुणी न बघणाऱ्या टीव्ही पॅकमधून निघतात. झाले अडीच हजार.

खर्च कमी करताना एक अन्याय बहुतेक घरांत होतो. बायकांच्या भाजी-दुधावर आणि पोरींच्या शाळेवर आधी कात्री लागते. पुरुषांची पुडी आणि पेट्रोल शेवटी येतं. क्रम उलटा असायला हवा. लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपयेही कर्जाच्या हिशेबात परस्पर धरले जातात. ते पैसे त्या बाईच्या खात्यावर येतात, ते कर्जात द्यायचे की नाही हे तिनं ठरवायचं आहे.

नोकरदाराचं बजेट शेतकऱ्याला चालत नाही

पगार एक तारखेला येतो असं धरून सांगितलेले हिशेब गावात कोलमडतात. इथं दुधाचा पगार दहा-दहा दिवसांनी, मजुरी आठवड्याच्या बाजाराला, सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या आगेमागे, तूर-हरभऱ्याचे जानेवारी ते मार्च. म्हणून बजेटही तसंच करावं. रोजचं घर दूध आणि मजुरीवर चालवायचं, पिकाच्या पैशाला रोजच्या खर्चासाठी हात लावायचा नाही. पिकाचे पैसे फक्त तीन कामांना: पुढच्या हंगामाचं बी-खत, मार्चचं पीक कर्ज आणि महागडं कर्ज.

वाचवलेले पैसे महिनाअखेरीपर्यंत हातात ठेवले तर टिकत नाहीत. दुधाचा पगार झाला त्याच दिवशी ८०० रुपये बाजूला काढले, तर महिन्यातल्या तीन पगारांचे २,४०० होतात. वरचे शंभर मजुरीतून.

वर्षाचे मोठे खर्च तर तारखेसकट माहीत असतात, तरी दरवर्षी ते अचानक आल्यासारखे वाटतात. जूनमध्ये शाळेच्या वह्या-पुस्तकं, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फवारणी, पोळा, गौरी-गणपती, मग दिवाळी, एप्रिल-मेमध्ये लग्नसराई आणि जत्रा. कॅलेंडरवर प्रत्येक महिन्यासमोर अंदाजे आकडा लिहून भिंतीवर लावला तर निदान कोणत्या महिन्यात हात आवरायचा ते कळतं. पीएम किसान आणि नमो शेतकरी योजनेचे २-२ हजारांचे हप्ते येतात, ते या वर्षाच्या खर्चांसाठी राखून ठेवता येतात.

लग्न-बारसं-जावळ यांच्या आहेराबद्दल बोलणं अवघड आहे, कारण तिथं नात्याचा प्रश्न असतो. तरी फरक करता येतो. घेतलेला आहेर परत करणं वेगळं, आणि पोराच्या पहिल्या वाढदिवसाला फ्लेक्स, केक, डीजे आणि दोनशे माणसांचं जेवण शेकडा ५ नं पैसे काढून करणं वेगळं. एका वाढदिवसाला काढलेले २० हजार शेकडा ५ नं वर्षभर राहिले तर पुढच्या वाढदिवसापर्यंत १२ हजार व्याज होतं.

नवं-जुनं: मार्चमधला सापळा

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गावोगाव एकच धावपळ असते. सोसायटीचं कर्ज नवं-जुनं करायला चार-आठ दिवसांसाठी पैसे फिरवायचे. ९० हजार कुणाकडून तरी घ्यायचे, सोसायटीत भरायचे, नवं कर्ज मंजूर झालं की त्याचे परत करायचे. दिवस चार लागले काय आणि पंधरा लागले काय, देणारा बऱ्याचदा पूर्ण महिन्याचं व्याज घेतो. शेकडा ३ नं ते २,७०० रुपये होतात. शून्य टक्क्याच्या कर्जाला अशी मागच्या दारानं किंमत लागते. नव्या कर्जाला उशीर झाला तर ते ९० हजार महागड्या व्याजावर अडकून बसतात, आणि अनेक घरांची सावकारी तिथूनच सुरू होते.

यावर उपाय एका वर्षात होत नाही. पहिल्या वर्षी निदान २० हजार स्वतःचे तयार ठेवले तर ७० हजारच फिरवावे लागतात. दुसऱ्या वर्षी आणखी कमी. तूर किंवा हरभऱ्याची पट्टी थेट सोसायटीच्या बँक खात्यात घेतली की पैसे मध्येच वळत नाहीत.

कर्जमाफी होईल म्हणून थांबणारेही आहेत. २०१७ आणि २०१९ च्या राज्याच्या दोन्ही योजना शेतीकर्जासाठी होत्या. गाडीचे हप्ते, मायक्रोफायनान्स, गावातलं हातउसनं त्यात नव्हतं. माफीची वाट बघायची असली तरी ही बाकीची कर्जं त्या वाटेवर नाहीत, एवढं लक्षात घ्यावं. शिवाय पीक कर्ज थकलं की शून्य टक्क्याची सवलत जाते आणि पुढचं कर्ज अडतं.

कृषी सेवा केंद्राच्या उधारीतही व्याज असतं, फक्त ते भावात लपलेलं असतं. रोखीत ९५० रुपयांचं औषध उधारीत १,१०० ला मिळालं आणि पैसे चार महिन्यांनी दिले, तर वर्षाच्या हिशेबानं हा दर ४७ टक्क्यांवर जातो. एकदा माल उचलला की ते जास्तीचे पैसे लागलेलेच असतात. म्हणून ही उधारी लवकर देण्यात फारसा फायदा नाही, पुढच्या वेळी रोखीनं घेण्यात आहे. पीक कर्जाची रक्कम जूनमध्ये हातात येते ती नेमकी यासाठीच असते, पण ती जुनी उधारी आणि लग्नाचं देणं फेडण्यात जाते आणि खत पुन्हा उधारीवर येतं. खताच्या पोत्यावर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त पैसे उधारीच्या नावाखालीही घेता येत नाहीत. पक्कं बिल मागावं, तक्रार तालुका कृषी अधिकाऱ्याकडं करता येते.

इथं काटकसर नको

प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपये आणि जीवन ज्योती विमा ४३६ रुपये. हे बंद करून काही वाचत नाही. कर्ता माणूस गेला तर त्या घराला प्रत्येकी २ लाखांपर्यंतचा आधार असतो, त्यातला सुरक्षा विमा फक्त अपघातासाठी. रक्तदाब-साखरेच्या गोळ्या, जनावरांचं लसीकरण आणि पोरांची शाळा यांनाही हात लावू नये. दवाखान्यासाठी पैसे काढण्याआधी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत उपचार बसतो का, हे योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राकडं विचारावं. रेशनकार्ड आणि आधार सोबत न्यावं. गावातली कितीतरी सावकारी कर्जं दवाखान्याच्या दारातच झालेली असतात.

सही करण्याआधी

एक कर्ज फेडायला दुसरं काढायचं असेल तर नवं कर्ज दरानं स्वस्त आहे का, एवढाच प्रश्न विचारावा. शेकडा ४ चं मिटवायला १२ टक्क्यांचं सोनेतारण केलं तर फायदा आहे, पण दोन्ही राहिली तर खड्डा दुप्पट होतो. मायक्रोफायनान्सचा हप्ता भरायला दुसऱ्या कंपनीचा गट उचलणं हा तोट्याचाच व्यवहार. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जात असतील तर मायक्रोफायनान्स कंपनीनं नवं कर्ज देऊ नये, असा नियमच आहे.

मोबाइलवरच्या अ‍ॅपमधून कर्ज घेण्याआधी ते कोणत्या बँकेचं किंवा नोंदणीकृत फायनान्स कंपनीचं आहे ते बघावं. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर अशा अ‍ॅपची यादी आहे. जे अ‍ॅप फोनमधले नंबर आणि फोटो बघायची परवानगी मागतं ते लगेच काढून टाकावं. फोटोत छेडछाड करून धमकावलं, तर पैसे न देता १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करावी.

सगळ्यात मोठा धोका जमिनीचा. "नुसतं विश्वासासाठी" म्हणून खरेदीखत लिहून दिलं जातं आणि पैसे फेडले की जमीन परत, असं तोंडी ठरतं. कागदावर मात्र ती विक्रीच असते. कितीही नड असली तरी कर्जापोटी खरेदीखतावर, कोऱ्या स्टँपवर किंवा कोऱ्या चेकवर सही करू नये. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवाना नसताना सावकारी करणं गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारणावर १२ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. चक्रवाढ व्याज तर चालतच नाही. जमीन बळकावली असेल तर तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात तक्रार करता येते. चौकशीत सावकारी सिद्ध झाली तर जिल्हा उपनिबंधक ती जमीन परत देण्याचा आदेश देऊ शकतात. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, त्यांचा नंबर १५१००.

हप्ता थकला तर

लपून बसू नये, फोन बंद करू नये. शाखेत जाऊन लेखी अर्ज द्यावा: पीक गेलं किंवा आजारपण आलं, हप्ता लहान करून मुदत वाढवून द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यावा. मायक्रोफायनान्सच्या वसुलीवाल्याला सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी किंवा पाहुण्यांना-शेजाऱ्यांना त्रास देणं चालत नाही. दंडही थकलेल्या हप्त्यावरच लागतो, पूर्ण कर्जावर नाही. कंपनीकडं तक्रार करून ३० दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं मोफत तक्रार होते, माहितीसाठी १४४४८. पतसंस्थेची तक्रार मात्र तिथं चालत नाही, ती सहकार खात्याकडं करावी लागते.

घरातला माणूस जेवेना, झोपेना, "आता काही राहिलं नाही" असं बोलायला लागला, तर हिशेबाची वही बाजूला ठेवून आधी त्याच्याजवळ बसावं. त्याला एकटं सोडू नये. फवारणीची औषधं कुलपात ठेवावीत. टेली-मानसच्या १४४१६ या नंबरवर दिवस-रात्र मोफत बोलता येतं, मराठीतूनही.

कर्ज मिटल्यावर घ्यायचे कागद

शेवटचा हप्ता भरला की काम संपत नाही. बँकेकडून किंवा कंपनीकडून बेबाकी दाखला घ्यावा. गाडीच्या आरसी बुकावरचा फायनान्स कंपनीचा बोजा आरटीओत जाऊन उतरवावा, नाहीतर गाडी विकताना अडते. सातबाऱ्यावरचा बोजा आपोआप जात नाही. सोसायटीचा किंवा बँकेचा दाखला तलाठ्याकडं देऊन फेरफार करून घ्यावा आणि महिन्याभरानं नवा सातबारा काढून खात्री करावी. जमीन-घराचे मूळ कागद पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत परत देणं बँका आणि फायनान्स कंपन्यांवर बंधनकारक आहे. त्यांच्या चुकीनं उशीर झाला तर कर्जदाराला दिवसाला ५ हजार रुपये भरपाई द्यावी लागते. गावातल्या माणसाकडं दिलेला चेक आणि स्टँप शेवटचे पैसे देतानाच, दोन साक्षीदारांसमोर परत घ्यावा. "घरात कुठंतरी आहे, नंतर देतो" म्हटलं तर शेवटचा हप्ता थांबवून ठेवावा.